सोन्याचें वळें आणि इलेक्ट्रॉनांच्या लाटा

सोन्याचें वळें कोणीं पाहिलें नाहीं? परंतु ज्या वळ्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तें कोणाच्याही बोटांत जाणारें नव्हतें व नुसत्या डोळ्यांस दिसणारेंही नव्हतें. त्याचा आंतील व्यास ७८४ नॅनोमीटर होता, आणि ज्या तारेचें तें बनलें होतें तिची रुंदी ४१ नॅनोमीटर होती. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मनुष्याच्या डोक्यावरील एका केसाच्या जाडीवर अशीं ऐंशी-नव्वद वळीं शेजारीं शेजारीं मांडतां आलीं असतीं. आणि त्या तारेच्या रुंदींत सोन्याचे जेमतेम दीडशें अणु एका ओळींत बसले असते. अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत यॉर्कटाउन हाइट्स या गांवीं आय. बी. एम. कंपनीची संशोधनशाळा आहे. तेथें १९८५ सालीं वेब, वॉशबर्न, अंबाख व लायबोविट्झ या चौघा शास्त्रज्ञांनीं या वळ्यांतून वीज सोडिली आणि त्यास एक प्रश्न विचारिला. वळ्याच्या एका बाजूनें शिरून समोरच्या बाजूनें बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनास दोन वाटा आहेत, एक डावी व एक उजवी. तो त्यांतील एकाच वाटेनें जातो, कीं लाटेप्रमाणें दोहोंनींही जातो?

प्रश्न दिसावयास बालिश, पण त्याच्या उत्तरावर बरेंच कांहीं अवलंबून होतें. शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत विद्युत्प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉन नांवाच्या कणांचा ओघ असें सांगितलेलें असतें. तारेंतील अणूंवर हे कण आदळत, ठेंचाळत पुढें जातात व त्यामुळें तारेस रोध उत्पन्न होतो, असें चित्र आम्ही शिक्षक फळ्यावर काढून दाखवितों. हें चित्र खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. तें कोठें अपुरें पडतें व कां, हें या चिमुकल्या वळ्यानें दाखवून दिलें. म्हणून ही हकीकत विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगी आहे, आणि पालकांसही ती कठीण वाटूं नये अशा बेतानें आम्ही ती सांगणार आहों.

लाटेची कसोटी

प्रथम पाण्यापासून आरंभ करूं. एक मोठी परात घ्या, तींत दोन बोटें उंचीचें पाणी ओता व तें निश्चळ होऊं द्या. मग दोन्ही हातांच्या तर्जनी थोड्या अंतरावर धरून पाण्याच्या पृष्ठभागास एकदम व एकाच ठेक्यानें लावीत राहा. दोन्ही बोटांभोंवतीं वर्तुळाकार लाटा पसरूं लागतील. आणि जेथें त्या एकमेकींस भेटतात तेथें निरखून पाहिल्यास मौज दिसेल. कांहीं ठिकाणीं पाणी दुप्पट उसळतें, तर कांहीं ठिकाणीं तें जवळजवळ स्तब्ध राहतें. जेथें एकीचा उंचवटा व दुसरीचाही उंचवटा एकाच क्षणीं येतो तेथें दोहोंची बेरीज होते. जेथें एकीचा उंचवटा व दुसरीचा खळगा एकत्र येतात तेथें वजाबाकी होऊन पाणी सपाट राहतें. लाटांच्या या परस्पर मिळण्यास शास्त्रांत व्यतिकरण म्हणतात. मेळ बसतो कीं बिघडतो हें दोन्ही लाटांनीं किती अंतर कापलें यावर ठरतें. एकीची वाट दुसरीपेक्षां अर्ध्या लाटेनें लांब झाली कीं मेळ बिघडतो. पुरी एक लाट लांब झाली कीं तो पुनः जमतो.

हें लाटांचें खास लक्षण आहे. मूठभर जोंधळ्यांत मूठभर जोंधळे मिळविले तर दोन मुठी होतील. शून्य कधींही होणार नाहीं. परंतु प्रकाशांत प्रकाश मिळवून अंधार होऊं शकतो, हें इंग्लंडांतील टॉमस यंग या वैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दाखविलें, आणि प्रकाश ही लाट आहे हें मत त्यामुळें पुढें आलें. तेव्हां एखादी वस्तु लाटेप्रमाणें वागते कीं नाहीं हें ठरविण्याची कसोटी हीच कीं, तिच्यांत तीच मिळविली असतां कधीं कधीं शून्य होतें काय?

कण कीं लाट?

इलेक्ट्रॉनाचा शोध इंग्लंडांत केंब्रिज येथें जे. जे. टॉमसन यांनीं १८९७ सालीं लाविला. त्याचें वजन व विद्युद्भार हीं मोजतां येतात. तेव्हां तो कण आहे याविषयीं कोणास शंका राहिली नाहीं. पुढें १९२४ सालीं फ्रान्सांतील लुई द ब्रॉग्ली या तरुणानें आपल्या प्रबंधांत असा विचार मांडला कीं, प्रकाशलहरी जर कधीं कणांसारखी वागते, तर कणानेंही कधीं लाटेसारखें कां वागूं नये?

या विचारास प्रयोगाचा आधार मिळाला तो कांहींशा अपघातानें. न्यूयॉर्क येथें बेल कंपनीच्या संशोधनशाळेंत डेव्हिसन हे निकेल धातूवर इलेक्ट्रॉन सोडून ते कसे उसळून परत येतात हें मोजीत असत. १९२५ सालीं तेथें द्रवरूप हवेची एक बाटली फुटली, निर्वात नळींत हवा शिरली आणि तापलेल्या निकेलवर गंजाचा थर चढला. तो घालविण्यासाठीं निकेल पुष्कळ वेळ तापवावें लागलें. नंतर पुनः मोजूं लागतात तों आंकडे अगदीं बदललेले! तापविल्यामुळें निकेलचे असंख्य बारीक स्फटिक जाऊन त्यांचे ठिकाणीं थोडे मोठे स्फटिक झाले होते, आणि त्यांच्या सरळ रांगांवरून इलेक्ट्रॉन ठराविक दिशांस अधिक उसळत होते. डेव्हिसन यांनीं आंकडे बिघडले म्हणून ते टाकून दिले नाहींत. जर्मर या सहकाऱ्यासह त्यांचा पाठपुरावा केला, व १९२७ सालीं इलेक्ट्रॉनांचें व्यतिकरण सिद्ध केलें. त्याच वर्षीं स्कॉटलंडांतील ॲबर्डीन येथें जी. पी. टॉमसन यांनींही निराळ्या रीतीनें तेंच दाखविलें. हे जे. जे. टॉमसन यांचेच पुत्र. इलेक्ट्रॉन कणरूपानें ओळखून देणाऱ्या पित्यास १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें; त्याचें लाटेचें स्वरूप दाखविणाऱ्या पुत्रास, डेव्हिसन यांजबरोबर, तें १९३७ सालीं मिळालें. पिता चुकला व पुत्र बरोबर, असें मात्र कोणीं समजूं नये. दोघेही बरोबर होते.

हें कसें, तें जपानांतील तोनोमुरा व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डोळ्यांनीं पाहतां येतें. त्यांनीं इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडिले कीं, एका वेळीं यंत्रांत सहसा एकच असे. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉन एका ठिपक्याच्या रूपानें उमटे, म्हणजे कणाप्रमाणें. परंतु असे हजारों ठिपके जमल्यावर त्यांतून आपोआप प्रकाशाच्या व अंधाराच्या पट्ट्यांसारखे पट्टे उभे राहिले. येतांना एकेकटा आलेला, तरी वाट चालतांना तो दोन्ही वाटांचा विचार घेऊन आलेला! इलेक्ट्रॉन पोंचतो कणासारखा, पण प्रवास करितो लाटेसारखा, एवढें सूत्र विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेविलें तरी पुष्कळ झालें.

धातूच्या आंतील गर्दी

परंतु हे सारे प्रयोग निर्वात पोकळींत झाले. तेथें इलेक्ट्रॉनास वाट मोकळी असते. धातूच्या तारेंत परिस्थिति अगदीं निराळी. सोन्यांतून वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या लाटेची लांबी सुमारें अर्धा नॅनोमीटर, म्हणजे शेजारच्या दोन अणूंतील अंतराच्या दुपटीहूनही थोडी कमी. आणि वाट कशी? सोनें कितीही शुद्ध केलें तरी त्यांत कोठें परकीय अणु असतात, कोठें स्फटिकांचे सांधे असतात, तारेच्या कडाही खडबडीत असतात. वर सांगितलेल्या वळ्याची अर्धी फेरी सुमारें १३०० नॅनोमीटरची आहे. तेवढ्या प्रवासांत इलेक्ट्रॉन किती वेळां आदळेल व किती वेळां दिशा बदलेल याची गणतीच नको. अशा धक्काबुक्कींतून बाहेर पडलेल्या दोन लाटांचा मेळ शिल्लक राहील, ही आशा पुष्कळांस व्यर्थ वाटत होती.

येथें या विषयाचें मर्म आहे. धक्के दोन जातींचे असतात, आणि त्यांतील भेद ओळखल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं.

एक तळें कल्पा. त्यांत वीसपंचवीस मोठाले धोंडे रोविलेले आहेत. काठावरून दोन ठराविक जागीं दोन खडे टाकिले, तर लाटा त्या धोंड्यांवर आपटून, उलटून, फुटून साऱ्या तळ्यावर एक गुंतागुंतीची नक्षी काढितील. ती नक्षी समजण्यास कठीण खरी. पण उद्यां त्याच जागीं तसेच खडे टाकिले तर तीच नक्षी पुनः उमटेल. कारण धोंडे हालत नाहींत. त्यांनीं लाटेस वांकविलें, पण तिचा हिशेब पुसून टाकिला नाहीं. आतां त्याच तळ्यांत मुलें डुंबूं लागलीं असें समजा. मग दर वेळीं नक्षी निराळी होईल, आणि शंभर वेळांची सरासरी काढिली तर हातीं कांहींच लागणार नाहीं.

धातूंत परकीय अणु, सांधे व खडबडीत कडा हे रोविलेले धोंडे होत. इलेक्ट्रॉन त्यांवर आदळतो, वळतो, पण त्याची शक्ति कमी होत नाहीं. आणि धोंडाही होता तसाच राहतो. उलट, उष्णतेमुळें थरथरणारे अणु हीं डुंबणारीं मुलें होत. त्यांवर आदळतांना इलेक्ट्रॉन कांहीं शक्ति देतो किंवा घेतो, आणि ज्यावर तो आदळला त्याची स्थिति बदलते. जणूं तो अणु साक्षीदार होतो, कीं इलेक्ट्रॉन या वाटेनें गेला. अशी साक्ष कोठेंही उरली, मग ती कोणीं वाचो वा न वाचो, कीं दोन वाटांचा मेळ नाहींसा होतो. इलेक्ट्रॉनांच्या आपसांतील धक्क्यांचाही असाच परिणाम होतो.

याचा इत्यर्थ असा कीं, अडथळे लाटेचा नाश करीत नाहींत; क्षोभ करितो. म्हणून वळें फार लहान पाहिजे, म्हणजे क्षोभ गांठण्यापूर्वीं इलेक्ट्रॉन पलीकडे पोंचेल. आणि तें फार थंड पाहिजे, म्हणजे क्षोभच कमी होईल. आपल्या खोलीच्या उष्णमानांत धातूंतील इलेक्ट्रॉन फार थोड्या अंतरांत आपला मेळ गमावितो. परंतु निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या, अगदीं जवळ त्यास नेलें तर तोच मेळ एक हजार नॅनोमीटरांहूनही अधिक अंतर टिकतो. वेब व त्यांचे सहकारी यांनीं आपलें वळें निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या उष्णमानापर्यंत थंड केलें होतें.

चुंबकाची किल्ली

लाटांचा मेळ पाहण्यास त्यांपैकीं एकीची वाट थोडी थोडी लांबवितां किंवा आंखडतां आली पाहिजे. सोन्याचें वळें एकदां तयार झाल्यावर त्याची एक बाजू लांबविणार कशी? याची युक्ति अहारोनॉव्ह व बोम या दोन शास्त्रज्ञांच्या १९५९ सालच्या निबंधांत होती. हे दोघे त्या वेळीं इंग्लंडांत ब्रिस्टल येथें होते. एहरेनबर्ग व सायडे यांनीं दहा वर्षें आधीं, १९४९ सालींच, हा विचार सांगितला होता, पण त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नव्हतें.

विचार असा: इलेक्ट्रॉनाच्या दोन वाटांच्या मधल्या पोकळींतून चुंबकीय क्षेत्र नेलें, तर तें वाटांस स्पर्शही न करितां दोन लाटांचा मेळ बदलून टाकितें. एका बाजूच्या लाटेस जणूं थोडी पुढें ढकलितें व दुसरीस मागें खेंचितें. क्षेत्र वाढवीत गेलें कीं मेळ बिघडतो, पुनः जमतो, पुनः बिघडतो. ज्या क्षेत्रास इलेक्ट्रॉन शिवलाच नाहीं त्याचा परिणाम त्यावर व्हावा, ही गोष्ट पुष्कळांस पटेना. परंतु तोनोमुरा यांनीं १९८६ सालीं, चुंबकीय क्षेत्र बाहेर झिरपूंच नये अशी पक्की व्यवस्था करून, ती खरी असल्याचें दाखविलें. सोन्याच्या वळ्याच्या प्रयोगांत मात्र क्षेत्र पोकळींतून जाई तसेंच तारेवरूनही जाई. तेव्हां ती कसोटी तितकी निर्भेळ नव्हे. येथें चुंबकाचें काम किल्लीचें होतें: ती फिरवावी आणि वळ्याचा रोध मोजीत राहावें.

मेळ एकदां बिघडून पुनः जमण्यास पोकळींतील चुंबकप्रवाह किती वाढावा लागतो, याचें उत्तर फार सोपें आहे. प्लँकच्या स्थिरांकास इलेक्ट्रॉनाच्या विद्युद्भारानें भागिलें कीं तें प्रमाण निघतें. सोनें, चांदी, तांबें, कोणताही धातु घ्या, प्रमाण तेंच.

मॉस्कोपासून यॉर्कटाउनपर्यंत

पहिलें यश रशियांत मिळालें. आल्टशुलर, आरोनॉव्ह व स्पिवाक या तिघांनीं १९८१ सालीं गणितानें एक भाकित केलें, व त्याच वर्षीं शार्विन आडनांवाच्या दोघा शास्त्रज्ञांनीं मॉस्को येथें तें प्रयोगानें पडताळून पाहिलें. केसाहून कितीतरी बारीक अशा क्वार्ट्झच्या तंतूवर मॅग्नेशियम धातूचा पातळ थर चढवून त्यांनीं एक पोकळ नळी बनविली, आणि चुंबकीय क्षेत्र वाढवितां वाढवितां तिचा रोध ठराविक अंतरानें वरखालीं होतांना पाहिला. परंतु तें अंतर वर सांगितलेल्या प्रमाणाच्या बरोबर निम्मे होतें.

निम्मे कां? नळींतील ज्या लाटा येथें कामास आल्या त्या अर्धी फेरी करून समोर भेटणाऱ्या नव्हत्या. एकाच जागेवरून निघून, एक डावीकडून व एक उजवीकडून पुरी फेरी मारून, त्या पुनः त्याच जागीं भेटत होत्या. दोघींसही तेच अडथळे लागतात, फक्त उलट क्रमानें. म्हणून क्षेत्र नसतांना त्यांचा मेळ नेहमींच जमलेला असतो. पुऱ्या फेरीमुळें चुंबकाचा परिणामही दुप्पट होतो. अर्ध्या फेरीच्या लाटांचें तसें नाहीं. प्रत्येक वळ्यांतील अडथळे निराळे, म्हणून प्रत्येकाचा आरंभही निराळा. आणि लांब नळी म्हणजे जणूं असंख्य वळ्यांची चळत. एका वर्गांतील प्रत्येक मुलगा आपापल्या ठेक्यानें टाळ्या वाजवूं लागला तर ठेका ऐकूं न येतां नुसता गोंगाट ऐकूं येतो, तसा हा प्रकार. एकट्याचा ठेका ऐकावयाचा तर एकटाच मुलगा पाहिजे, आणि एकट्या इलेक्ट्रॉनाच्या दोन वाटा पाहावयाच्या तर एकच वळें पाहिजे. १९८३ सालीं ब्यूटिकर, इम्री व लँडाउअर यांच्या विवेचनानें अशा एकट्या वळ्याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष लागलें होतें.

सोनार तार ओढतो ती पोलादी पट्टीच्या भोंकांतून; पण ४१ नॅनोमीटरच्या तारेस भोंक पाडणार कोण? तेव्हां सोन्याच्या अत्यंत पातळ पत्र्यावर इलेक्ट्रॉनांच्याच बारीक झोतानें वळ्याची आकृति रेखाटावयाची, आणि आकृतीबाहेरील सोनें काढून टाकावयाचें, अशी रीत योजिली गेली. इलेक्ट्रॉनाची परीक्षा घेण्याचें वळें इलेक्ट्रॉनानेंच काढिलें!

यॉर्कटाउन येथील पहिल्या प्रयत्नांत, १९८४ सालीं, अपेक्षित आवर्तनें स्पष्ट दिसलीं नाहींत. क्षेत्र बदलतांना रोध वरखालीं होई, पण कसाही, कोणत्याच नियमावांचून. कोणीही म्हटलें असतें कीं यंत्रांत दोष आहे. परंतु क्षेत्र पुनः शून्यावर आणून मोजमाप नव्यानें केलें तर तीच वेडीवांकडी रेघ तंतोतंत पुनः उमटे. दोष असा नियमानें उमटत नसतो. दुसऱ्या वळ्यावर रेघ निराळी येई, पण तीही आपल्या ठिकाणीं तितकीच पक्की.

या रेघेचा अर्थ पुढच्या वर्षीं लागला. त्या वळ्यांची तार पोकळीच्या मानानें रुंद होती. म्हणून चुंबकीय क्षेत्र पोकळीप्रमाणेंच तारेच्या अंगांतूनही बरेंच जाई, व तारेच्या आंतल्या आंत इलेक्ट्रॉनास ज्या नाना वाटा होत्या त्या सर्वांचा मेळ बदलीत असे. ती वेडीवांकडी रेघ म्हणजे तळ्यांतील धोंड्यांमुळें उमटलेली नक्षीच होती! प्रत्येक तारेंतील अडथळे निराळ्या जागीं, म्हणून प्रत्येकीची रेघ निराळी, जसा प्रत्येक मनुष्याच्या अंगठ्याचा ठसा निराळा. तार एकवार गरम होऊन अडथळे जागचे हालले कीं पुढील खेपेस रेघही बदलते. आणि आल्टशुलर, ली, स्टोन प्रभृतींनीं गणितानें असें दाखविलें कीं, पुरेशा थंडींत या चढउताराचें मान धातूवर किंवा तारेच्या आकारावर फारसें अवलंबून नसतें. तें इलेक्ट्रॉनाचा भार व प्लँकचा स्थिरांक एवढ्यांवरूनच ठरतें. जिला गोंगाट म्हणून फेंकून देण्याचा मोह व्हावा, तींत सृष्टीचा एक सामान्य नियम लिहिलेला होता.

मग पोकळी मोठी व तार बारीक असें वळें केलें. तेंच आरंभीं सांगितलेलें ७८४ नॅनोमीटरचें वळें. या खेपेस रोध अगदीं नियमानें वरखालीं होऊं लागला. क्षेत्र दर सुमारें ०.००७६ टेस्लानें वाढलें कीं एक आवर्तन पुरें होई. आपल्या पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र आपल्या भागांत सुमारें ०.००००४ टेस्ला असतें. तेव्हां हें त्याच्या जवळजवळ दोनशें पट. तारेच्या मध्यापर्यंत धरलेलें वळ्याचें क्षेत्रफळ व हा आंकडा यांचा गुणाकार केला तर प्लँकच्या स्थिरांकास इलेक्ट्रॉनाच्या भारानें भागून येणारी रक्कमच जवळजवळ हातीं येते. रोधांतील हा फरक एकंदर रोधाच्या सुमारें हजाराव्या भागाइतकाच होता. पण क्षेत्र वाढवीत गेलें असतां अशीं सुमारें एक हजार आवर्तनें एकामागून एक मोजतां आलीं. त्याच वर्षीं येल विद्यापीठांत चंद्रशेखर (ताऱ्यांचा अभ्यास करणारे नोबेलविजेते चंद्रशेखर ते हे नव्हेत) व त्यांचे सहकारी यांनींही एकट्या वळ्यांत असाच परिणाम पाहिला. प्रश्नाचें उत्तर मिळालें. असंख्य अडथळ्यांनीं भरलेल्या धातूंतूनही इलेक्ट्रॉन दोन्ही वाटांनीं जातो, आणि पलीकडे पोंचल्यावर स्वतःशीं मेळ साधितो किंवा मोडितो.

यापासून काय निघालें?

घरांतील तारेस ओमचा नियम लागू पडेल कीं नाहीं, अशी काळजी कोणीं करूं नये. घरांतील तार लांब आहे, उष्णही आहे; तिच्यांत लाटांचा मेळ क्षणोक्षणीं मोडतो व सर्वांची सरासरी होऊन ओमचा सरळ नियमच उरतो. परीक्षेंत तो विचारला तर निःशंकपणें लिहावा! परंतु एका अणूचे नियम आणि हातभर तारेचे नियम यांच्यामध्यें एक मधला प्रांत आहे, हें या प्रयोगांनीं उघड केलें. त्यास मेसोस्कोपिक म्हणतात. ग्रीक भाषेंत ‘मेसोस’ म्हणजे मधला. येथें वस्तूंत अणु असतात कोट्यवधि, पण वागणूक मात्र एका लाटेची. गणकयंत्रांतील भाग वर्षानुवर्षें लहान होत आले आहेत. म्हणून या मधल्या प्रांताचे नियम ठाऊक असणें आतां नुसत्या जिज्ञासेचा विषय राहिलेला नाहीं.

आणखी एक नवल सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वळ्यास बाहेरून तारा न जोडितां, बॅटरीही न लावितां, नुसतें चुंबकीय क्षेत्र पोकळींत ठेविलें, तर पुरेशा थंडींत त्या वळ्यांत एक अत्यंत मंद प्रवाह अखंड फिरत राहतो, असें १९८३ सालच्या त्या विवेचनांत म्हटलें होतें. एक कोटि तांब्याचीं वळीं एकत्र घेऊन १९९० सालीं त्याचा माग लागला. आणि २००९ सालीं येल येथें ॲल्युमिनियमचीं वळीं नाजूक डोलत्या पट्टीवर बसवून तो प्रवाह फार बारकाईनें मोजला गेला. यावर गिरणी चालेल, अशी आशा कोणीं धरूं नये. त्या स्थितींत वळ्याजवळ देण्याजोगी शक्ति उरलेलीच नसते. असा फिरता प्रवाह हीच त्याची विश्रांतीची अवस्था होय.

आतां विद्यार्थ्यांस दोन शब्द. प्रयोगवहींत एखादा आंकडा पुस्तकाशीं जुळला नाहीं, कीं तो खोडावा व शेजाऱ्याच्या वहींतला उतरून घ्यावा, ही खोड शाळाशाळांतून दिसते. आणि घरीं गुणांची चौकशी होते, पण आंकडा खरा होता कीं नाहीं याची सहसा होत नाहीं. डेव्हिसन यांचें निकेल आणि यॉर्कटाउन येथील ती वेडीवांकडी रेघ, या दोन्ही ठिकाणीं न जुळणारा आंकडाच खरा बोलत होता. न जुळणारा प्रत्येक आंकडा शोध असतो असें नव्हे. बहुधा तारच सैल असते. म्हणूनच तार घट्ट करून पुनः मोजावें. पुनः तेंच आलें, तर तें जसेंच्या तसें लिहावें. खरेपणा हा केवळ नीतीचा धडा नाहीं. त्यावांचून शास्त्राचें एक पाऊलही पुढें पडत नाहीं. पालकांनींही मुलाची वही पाहतांना कधीं एवढें विचारावें: हें तूं स्वतः मोजलेंस काय?

अडथळा व क्षोभ यांतील भेदही मनाशीं धरण्यासारखा आहे. जे अडथळे आपल्या जागीं स्थिर आहेत ते वाट वांकवितात, लांबवितात, पण प्रवाशाचा मेळ मोडीत नाहींत. मेळ मोडतो तो आंतील थरथरीनें. हा दृष्टांत आम्ही येथें ताणीत नाहीं. अणूंस नीति शिकवावयाची नसते. परंतु ज्या सृष्टिकर्त्यानें आकाशांतील ताऱ्यांस नियम दिला त्यानेंच दीडशें अणूंच्या रुंदीच्या तारेसही तो दिला, आणि तो वाचण्याची बुद्धि मनुष्यास दिली, हें पाहून मन नम्र झाल्यावांचून राहत नाहीं. ती बुद्धि धीरानें, शांतपणें व खरेपणानें वापरणें, एवढेंच आपलें काम आहे.